झाकली मूठ, सव्वा लाखाची

"बसवलेला डोळा आहे, त्याला परत सुरी लावायची नाही." हे वाक्य इतक्या मायेने म्हटलं जातं की त्याला उलट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. वर्षानुवर्षं ते टिकून आहे ते त्यामुळेच.

ज्या घरात कुणाला नेत्रदानातून आलेला कॉर्निया बसवलेला असतो आणि आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला असतो, तिथे ते हमखास ऐकू येतं. ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या नेत्ररुग्णालयाच्या बाकावर असा माणूस भेटतो. उसाचा पाला काढताना पात्याची धार डोळ्याला लागते, बुरशी धरते, जखम आठवडेच्या आठवडे चिघळते आणि भरते तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं असतं. पुढे नेत्रपेढीतून कॉर्निया मिळतो, रोपण होतं, नातवाचं तोंड ओळखू येतं. आठ-दहा वर्षं बरी जातात आणि पुन्हा धुकं दाटतं. डॉक्टर तपासून सांगतात, कॉर्निया काचेसारखा स्वच्छ आहे, धुकं त्याच्या मागे आहे.

मग घरात बैठक बसते. थोरला म्हणतो, "अण्णा, मिळालंय ते जपू या." सून म्हणते, "मामा, दुसऱ्या डोळ्यानं भागतंय न्हवं?" शेजारचे जाणते म्हणतात, "आधी पिकू तरी दे." आणि अधूनमधून एखादा डॉक्टरही फाइलवर 'सहा महिन्यांनी दाखवा' एवढंच खरडून पुढच्या रुग्णाला हाक मारतो. बैठकीला तेवढं पुरतं. बघा, डॉक्टरसुद्धा थांबाच म्हणाले!

या मताची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडायची तर ती अशी: रोपण केलेला कॉर्निया नाजूक असतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनात तो बिघडू शकतो, बिघडला तर दुसरा सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी तो पहिल्याइतका टिकेल याची खात्री नसते. तेव्हा जोवर थोडंफार दिसतंय तोवर डोळ्याला हात न लावणं यातच शहाणपण. वाक्यं वेगवेगळी घेतली तर बहुतेक खरी आहेत. चुकतो तो निष्कर्ष. कारण त्याच्या तळाशी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली आहे: हात लावला नाही तर डोळा आहे तसाच राहतो.

तो राहत नाही.

मुळात 'डोळा बसवला' हे शब्दच घोळ घालतात. डोळा कुणी बसवत नाही. बसवली जाते ती समोरची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची पारदर्शक चकती. तिच्यामागचं भिंग ज्याचं त्याचंच राहतं. अण्णा साठीचे असतील तर भिंगही साठीचं. त्यामुळे 'नव्या डोळ्याला मोतीबिंदू झालाच कसा' या प्रश्नात नवल वाटण्यासारखं काहीच नाही. त्यात रोपण अंगी लागावं म्हणून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, स्टेरॉइडचे थेंब घालावे लागतात. स्टेरॉइडने भिंगाच्या मागच्या बाजूला गढूळपणा येतो हे काही काल कळलेलं नाही. संधिवातासाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६० मध्येच ते नोंदवून ठेवलं आहे. ज्या औषधाने रोपण तगवलं, त्याचीच ही वसुली.

आणि एवढं कळल्यावर काही हुशार मंडळी काय करतात? थेंबच बंद करतात. मोतीबिंदू वाढू नये म्हणून! शरीर मग परक्या कॉर्नियाला परकं म्हणून ओळखतं, डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, नजर उतरते. दोन दिवसांत डॉक्टरकडे पळायला हवं अशी ही अवस्था असते. पण 'डोळे आलेत' म्हणून घरात गुलाबपाणी शोधलं जातं. सुरीला भिणाऱ्यांना या गुलाबपाण्याची भीती मात्र कधी वाटली नाही.

आता मुठीचा हिशोब.

कॉर्नियाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच एक थर असतो. स्पेक्युलर मायक्रोस्कोप नावाच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे पाहिलं की पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते: सहा कोनांची, एकमेकांना चिकटलेली घरं. या पेशी रात्रंदिवस कॉर्नियातलं पाणी उपसत असतात. उपसा कमी पडला की कॉर्निया फुगतो आणि दुधाळ होतो. माणसाच्या डोळ्यात मेलेल्या पेशीच्या जागी नवी जन्मत नाही. शेजारच्या पसरून ती जागा अडवतात. म्हणून जुन्या रोपणाची जाळी पाहिली तर घरं मोठमोठी आणि वेडीवाकडी दिसतात, अर्धं गाव उठून गेल्यावर उरलेल्यांनी कुंपणं सरकवावीत तशी.

नेत्रपेढीतून आलेल्या चांगल्या कॉर्नियावर दर चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास पेशी असतात. आठ मिलिमीटर व्यासाची चकती बसवली तर तिचं क्षेत्रफळ होतं पन्नास चौरस मिलिमीटर. गुणाकार करून पाहावा. सव्वा लाख येतात.

म्हणजे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण या डोळ्याला अक्षरशः लागू पडते. अडचण एवढीच, की ही मूठ झाकलेली नसते. निरोगी डोळ्यात या पेशी वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याने घटतात. रोपण केलेल्या कॉर्नियात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, त्याच्या कितीतरी पट वेगाने. अमेरिकेतल्या 'कॉर्निया डोनर स्टडी'त हजाराहून अधिक रुग्णांची रोपणं पाच वर्षं आणि पुढेही तपासली गेली. पाच वर्षांनी शंभरातली ८६ रोपणं टिकून होती. आकडा चांगला आहे. पण टिकलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या रोपणांतल्या पेशी मोजल्या तेव्हा त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के गेलेल्या होत्या. सव्वा लाखाचे चाळीस हजार, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काचेत तडाही दिसू नये! त्या अभ्यासातले रुग्ण मुख्यतः याच आतल्या थराच्या आजाराचे होते, हे इथे सांगायला हवं. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे आल्यामुळे ज्यांचं रोपण होतं, त्यांच्यात कडेचा स्वतःचा थर धडधाकट असतो आणि घट सहसा एवढी तीव्र नसते. वेग कमीजास्त होतो. दिशा मात्र बदलत नाही.

मग 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांनी नक्की काय राखलं? दोन वर्षं थांबल्याने या मुठीत एक पेशी तरी वाढली का? मोतीबिंदूच्या ऑपरेशनात सरावलेल्या हातांतही काही पेशी जातातच, हे खरंच आहे. पण तो खर्च पदरी साठ हजार असताना करायचा, की तीस हजार उरल्यावर?

आणि थांबल्याने खर्चही वाढतो. इथे 'पिकू द्या'वाले येतात.

हा सल्ला अडाण्यांचा नाही, एके काळी तो अगदी रास्त होता. डोळ्यात भिंग बसवण्याची सोय नव्हती तेव्हा मोतीबिंदू काढला की माणसाला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे, त्यातून जग पाव पटीने मोठं दिसे आणि पायरी नको तिथे येई. असल्या दृष्टीसाठी ऑपरेशन करायचं तर आधीची दृष्टी त्याहून वाईट व्हायला हवी, म्हणून पिकण्याची वाट. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये भिंग ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची रीत आणली, जिला आज चहाच्या टपरीवरही फॅको म्हणतात. आपल्याकडच्या साध्या रुग्णापर्यंत हे पोचायला आणखी काही दशकं लागली, पण पोचलं. सल्ला मात्र जाड चष्म्याच्या काळातच बसून राहिला.

आंबा पिकला की मऊ पडतो. मोतीबिंदूचं बहुधा उलटं असतं: भिंगाचा गाभा पिवळ्याचा तपकिरी होत जातो आणि दगडासारखा घट्ट होतो. घट्ट गाभा फोडायला फॅकोची सुई जास्त वेळ, जास्त जोराने चालवावी लागते. आणि सुई चालते ती खोली समोरून मागे जेमतेम तीन मिलिमीटरची. तिचं छत म्हणजेच त्या मोजून उरलेल्या पेशी. सुईऐवजी हाताने, छोट्या छेदातून गाभा सबंध बाहेर काढायचा म्हटलं, तरी तो मोठा, टणक गोळा त्याच छताखालून सरकवावा लागतो. रोपण जपायचं म्हणून मोतीबिंदू पिकवायचा, म्हणजे छत जपायचं म्हणून घरात मोठा हातोडा आणून ठेवायचा.

काही मोतीबिंदू कडक व्हायच्या आधी पाणी धरून फुगतात. बुब्बुळाचा रंगीत पडदा पुढे ढकलला जातो, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब चढतो. अति पिकलेल्या भिंगातून पाझर सुटला तरी तेच. वाढलेला दाब डोळ्यामागच्या शिरेला मारतो तसा या पेशींनाही मारतो. शिवाय स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब चढण्याची भीती या रुग्णांना आधीच असते. म्हणून त्यांच्या डोळ्यामागची शीर दर तपासणीत पाहावी लागते. मोतीबिंदूच्या धुक्यातून ती डॉक्टरला दिसणार कशी? इथे रुग्णाला बाहेरचं दिसत नाही एवढंच घडत नाही, डॉक्टरलाही आतलं दिसत नाही.

'दिसतंय तेवढं पुरे' हे यातलं सर्वांत सोज्वळ कलम. पुरे, कुणाला? अंधाऱ्या खोलीत, तक्त्यासमोर, बाहुली मोठी झालेली असताना अण्णा वरून पाच-सहा ओळी वाचतात आणि फाइलवर समाधानकारक आकडा पडतो. तेच अण्णा भर दुपारी बांधावर उभे राहिले की बाहुली आक्रसते. स्टेरॉइडने आलेला डाग नेमका मध्यभागी, मागच्या बाजूला बसलेला असतो, आणि उरलेली एवढीशी खिडकी तोच अडवतो. समोरून येणारी दुचाकी त्यांना आधी ऐकू येते, मग दिसते. वाचायला पोथी घेतली तरी हाच प्रकार, कारण जवळ पाहतानाही बाहुली लहान होते. त्या खोलीतल्या आकड्यावरून 'चाललंय की' म्हणणारा माणूस अण्णांबरोबर बाराच्या उन्हात रस्ता ओलांडून आलेला नसतो.

आणि न दिसणारा माणूस धडपडतो. पूर्ण जाडीचं रोपण बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवतात. दोरा केसापेक्षा बारीक, टाके बहुतेकदा सोळा. टाके निघाले, जखम भरली, तरी तो गोल सांधा मूळच्या कॉर्नियाइतका घट्ट कधीच होत नाही. रोपणाला वीस-वीस वर्षं झाल्यावर दाराची कड लागून, गुराचं शिंग लागून तो उसवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. टेबलावरची सुरी टाळली खरी. न्हाणीघराच्या उंबऱ्याचं काय करणार?

दुसऱ्या डोळ्यावर भागवण्याचा सल्ला तर केराटोकोनसवाल्यांपुढे देऊनच पाहावा. तो आजार बहुतेकदा दोन्ही डोळ्यांना असतो.

एक आक्षेप जरा शिकल्यासवरल्यांकडून येतो: मग पहिल्याच वेळी, कॉर्निया बदलतानाच मोतीबिंदू का नाही काढला? एकाच भुलीत दोन्ही कामं झाली असती. होतातही, मोतीबिंदू तेव्हाच ठळक असेल तर करतातच. पण जुना कॉर्निया कापून बाजूला ठेवल्यावर नवा शिवेपर्यंत डोळा वरून सताड उघडा असतो. त्या अवस्थेत भिंग काढणं म्हणजे दाब अचानक उसळण्याची, आत रक्तस्राव होण्याची धास्ती. दुसरं, नव्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि जो कॉर्निया अजून बसलाच नाही त्याची वक्रता मोजणार कशी? सरासरीवरून अंदाज बांधायचा आणि हात जोडायचे. वक्रता एका डायॉप्टरने चुकली की चष्म्याचा नंबरही साधारण तेवढाच चुकतो. उलट रोपण मुरल्यावर, टाके निघून कॉर्निया स्थिरावल्यावर मोजणी करता येते. उशिरा आलेल्या मोतीबिंदूची ही एक सोय आहे. 'थांबा'वाल्यांना इथे तेवढं श्रेय द्यायला हरकत नाही: टाके निघेपर्यंत, लागोपाठच्या मोजण्या जुळेपर्यंत थांबावं. त्यापुढे नाही.

मग उरते ती भावना. 'कुणाचं तरी दान आहे ते.' हो, आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, घरात रडारड चालू असताना कुणीतरी फोन उचलून नेत्रपेढीला कळवलेलं असतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात हेच एक काम लोकांनी करावं म्हणून फेऱ्या निघतात, फलक लागतात. हे सगळं कशासाठी? दिसावं म्हणून, की मोतीबिंदूच्या पडद्याआड कॉर्निया नुसता स्वच्छ राहावा म्हणून? मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी टिकलेलं पहिलं कॉर्निया रोपण केलं. रुग्ण होता चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर, आणि कॉर्निया आला होता अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातून. लोखंडाच्या तुकड्याने जायबंदी झालेला तो डोळा काढावाच लागला होता. मजुराच्या एका डोळ्यातलं रोपण गेलं, दुसऱ्यातलं टिकलं, आणि तो कामावर परतला. त्या मुलाच्या कॉर्नियाला देव्हारा मिळाला नाही, काम मिळालं.

इतकं म्हटल्यावर विरुद्ध टोकाची मंडळी खूश होतील: 'बिनटाक्याचं, पंधरा मिनिटांत घरी' असे फलक लावणारी. त्यांनीही फार खूश होऊ नये. रोपण केलेला डोळा शिबिराच्या रांगेत, तेराव्या क्रमांकावर करायचा नसतो. आधी पेशी मोजायच्या आणि तो कागद रुग्णाच्या हातात द्यायचा. कॉर्नियाचा नकाशा काढायचा. स्टेरॉइडचे थेंब ऑपरेशनच्या आधीपासून वाढवायचे आणि नंतर घाईने उतरवायचे नाहीत, कारण या धक्क्याने शरीर रोपण नाकारू शकतं. पूर्वी डोळ्यात नागीण होऊन गेली असेल तर तिच्यावरच्या गोळ्या विसरायच्या नाहीत. कॉर्नियाचा व्यास बारा मिलिमीटरच्या आत-बाहेर, चकती आठची. म्हणजे कडेला उरते ती दोनेक मिलिमीटरची पट्टी. छेद सांध्याला न छेडता त्या पट्टीत किंवा त्याहून बाहेर पांढऱ्या भागात घ्यायचा. भिंगाचं आवरण निळ्या रंगाने रंगवून घ्यायचं, कारण जुन्या रोपणातून आतलं नेहमीसारखं स्वच्छ दिसेलच असं नाही. पेशींच्या छताला चिकट जेलचा जाड लेप द्यायचा, आणि ते मधेच वाहून गेलं तर थांबून पुन्हा भरायचं. रोज कॉर्निया हाताळणारा सर्जन असेल तर हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याच्याकडे जायला एसटीचे चार तास लागत असतील तर लागोत.

महागड्या भिंगांचं तेवढंच सांगायचं. रोपणानंतर तिरपा नंबर तीन ते पाचपर्यंत असणं नेहमीचंच. तो सरळ, नीटस असेल तर तिरपेपणा भरून काढणाऱ्या टोरिक भिंगाचा उपयोग होतो. वेडावाकडा असेल, किंवा रुग्ण कडक कॉन्टॅक्ट लेन्सच वापरत राहणार असेल, तर तेच भिंग गळ्यात पडतं, कारण लेन्स कॉर्नियाचा तिरपेपणा झाकते आणि भिंगाचा उघडा पडतो. 'लांबचं-जवळचं दोन्ही चष्म्याविना' असली बहुकेंद्री भिंगं या डोळ्याला कुणी सुचवलीच, तर फाइल उचलून बाहेर यावं.

आणि पेशी आधीच फार उतरल्या असतील तर? तेव्हाही 'हात लावू नका' हे उत्तर होत नाही, फक्त ऑपरेशन बदलतं. नेदरलँड्समध्ये गेरिट मेलेस यांनी रुळवलेल्या डीमेक या पद्धतीत अख्खी चकती न बदलता तिच्या आतल्या अंगाला नुसता पेशींचा पापुद्रा चिकटवतात. जुन्या, टाके घालून बसवलेल्या रोपणाखालीही तो चिकटवता येतो. कधी मोतीबिंदूबरोबर, कधी नंतर. सोपं नाही, दर वेळी साधतंच असंही नाही. पण मोजूनमापून घेतलेल्या निर्णयातली ती एक पायरी असते. न मोजता घातलेल्या बंदीत पायरीच नसते, थेट अंधारच असतो.

तेव्हा घरच्या बैठकीत जो कुणी "हात लावू नका" म्हणेल, त्याला एवढंच विचारावं: या डोळ्यात आज पेशी किती आहेत? दोन वर्षांपूर्वी किती होत्या? गाभा किती घट्ट झालाय? टाके कधी निघाले? शीर शेवटची नीट कधी दिसली? हे आकडे ज्याच्यापाशी असतील तो थांबा म्हणाला तर जरूर थांबावं, आणि किती महिने तेही विचारून घ्यावं. ज्याच्यापाशी नसतील, मग तो थोरला मुलगा असो नाही तर 'सहा महिन्यांनी दाखवा' लिहिणारा डॉक्टर, त्याने अण्णांचा डोळा सांभाळलेला नाही. त्याने मूठ धरल्याचं नुसतं सोंग केलंय, आणि बोटांच्या फटीतून पेशी गळतायत.